पाकिटातली खेळी

अकोल्याच्या त्या बुद्धिबळ स्पर्धेत मी एकटीच बाई होते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. खेळ वडिलांनी शिकवलेला. तिसऱ्या फेरीत समोर आले अकोल्याचेच एक वकीलसाहेब, लागोपाठ तीन वर्षं जिंकलेले. पांढरी मोहरी त्यांची, काळी माझी. तासाभरात मी हरणार हे सगळेच धरून चालले होते, मीसुद्धा.

दुपारी एकला डाव तहकूब झाला तेव्हा दोघांचा एकेक हत्ती उरला होता, आणि माझ्या एका प्याद्याला वजीर व्हायला दोन घरं बाकी होती. वकीलसाहेबांनी पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात घातली. पंचांनी ते चिकटवून खिशात ठेवलं; आता ती खेळी बदलता येणार नव्हती. उघडायचं तीनला. वकीलसाहेबांनी राजा मागे घेतला असेल तर बरोबरी. हत्तीने शह दिला असेल तर माझा राजा आपसूक प्याद्याजवळ सरकणार आणि डाव माझा.

"बाई, इथं तुमचं कोणी नाही. जेवायले घरी चला," वकीलसाहेब म्हणाले. नाही म्हणता येईना.

जेवताना डावाचं नाव नाही. माझं लक्ष मात्र सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांच्या पत्नी वाढत होत्या. "लाजू नोका बाई, आनखी घ्या वरण." मग त्यांनी सहज विचारलं, "काहो, कोन जिंकून राह्यलं?"

वकीलसाहेबांचा घास तोंडापाशीच थांबला. कुठेतरी शून्यात बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. घास तसाच ताटात ठेवला.

शहच दिलाय, मी ओळखलं. त्यानंतर मला काही गिळवेना. माऊली आग्रहाने वाढत होती, आणि मी तिच्या नवऱ्याला हरवायला कधी तीन वाजतात याची वाट बघत होते.

तीनला पाकीट उघडलं. हत्तीचा शह. आठव्या खेळीला त्यांनी आपला राजा आडवा करून हार मानली.

"जेवतानाच समजलं होतं मले," ते हळूच म्हणाले.

"मलाही."

"मंग पोटभर काहून नाई जेवल्या?"

लोक अभिनंदन करत होते, आणि मला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं. पण लगेच चौथी फेरी होती. तीत तिवशाच्या एका तलाठ्याने मला वीस खेळ्यांत हरवलं. संध्याकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या गाडीत बसले, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.