दोन मेंढे आणि एक काडीमोड

हिंगोलीच्या एका वकिलानं मला फसवलं. माझ्या बहिणीच्या काडीमोडीसाठी त्यानं माझ्याकडून एक मेंढा घेतला, तिच्या सासरच्यांकडूनही एक मेंढा घेतला, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांविरुद्धचा सल्ला दिला. ही गोष्ट मी बाजारात, लग्नात, मयतीत, जिथं माणसं भेटली तिथं सांगत आलो. लोक ऐकतात, हसतात आणि विसरतात. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी भोळा माणूस नाही. लोकांची मेंढरं वाट्यानं राखत राखत मी स्वतःचा कळप उभा केला. वसमतपासून सेनगावपर्यंत असा बाजार नव्हता जिथं मला कुणी ओळखत नसे. मेंढराच्या कण्यावरून बोट फिरवलं की मालकानं ते कसं पोसलं ते मला कळायचं, आणि मालकाच्या तोंडाकडं बघितलं की तो कुठवर उतरेल तेही. आवाज चढवायला मला वेळ लागत नसे. माझ्याशी सौदा करून निघालेला माणूस नदी ओलांडेपर्यंत आपण कुठं चुकलो याचाच विचार करत जायचा.

धाकटी बहीण मी कुरुंद्याच्या बाजूला दिली होती. तिचा नवरा मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. त्याचा दोष एवढाच होता की थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे. बायकोनं माहेरी कधी जायचं, लुगडं कोणतं नेसायचं, आजारी पडली तर किती पडायचं, हे सगळं थोरला ठरवायचा. एकदा हिला ताप असताना थोरल्यानं मेंढरांमागं पाठवलं. नवरा दारात उभा होता. त्यानं तिच्या हातात काठी दिली आणि तो बाजूला झाला.

त्या दिवाळीला ती आली ती परत गेलीच नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "मी लगीन एकाशी केलं आन् नांदून राहिले दुसऱ्याच्या हुकमात. मला न्हाई जायचं, दादा."

आमच्या लोकांत काडीमोड ही काही लाजेची गोष्ट नाही. पंच बसतात, नवरा कडब्याची काडी सगळ्यांदेखत मोडतो, दोन तुकडे दोन बाजूंना टाकतो, आणि बाई मोकळी होते. तिला पुन्हा पाट लावता येतो, नाही लावला तरी कुणी विचारत नाही. पण काडी नवऱ्यानंच मोडावी लागते, आणि हा नवरा थोरल्याला विचारल्याशिवाय कसली काडी मोडतो. थोरल्याचा निरोप आला: काडी मोडणार नाही, बाई नांदायला पाठवा, नाहीतर हिंगोलीच्या कोर्टात दावा लावतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. मला भाव करायला पाच-सहा प्रकारची बोली येत होती, पण त्या भाषेत माझ्या बहिणीविषयी कुणी काय बोललं हे मला कळणार नव्हतं. त्याचीच धास्ती होती. म्हणून मी वकिलाकडं गेलो.

वकील आपल्या घराच्या ओसरीवर बसायचा. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, आणि ऐकताना डोळे मिटलेले. फी म्हणून मी कळपातला चांगला मेंढा नेला होता. त्याच्याकडं मात्र त्यानं डोळे उघडून नीट बघितलं. मग मला सांगितलं की कोर्टात तुझ्या बहिणीचे केस पांढरे होतील, हे पंचांतच मिटव. पण काडीमोड मागू नकोस. मागितलीस की ते अडून बसतील. त्याऐवजी अशी गोष्ट माग की जी त्यांना देताच येणार नाही.

"काय मागू?"

"नवऱ्यानं थोरल्या भावापासून वेगळं निघावं आणि बायकोला वेगळ्या बिऱ्हाडात नांदवावी. थोरला कबूल होईल?"

"मेला तरी न्हाई."

"झालं तर. तो नाही म्हणाला की दोष त्यांचा. पंच काडीच मोडायला लावतील."

मला सल्ला मनापासून पटला, कारण माझा धंदाच तो होता. आधी वर मागायचं, मग हवं तिथं उतरायचं. मेंढ्याचं वाईटही वाटलं नाही.

इथं आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. तुम्ही भाव बोललात आणि समोरच्यानं घासाघीस न करता तिथल्या तिथं हो म्हटलं, तर सौदा पक्का. मग मागं फिरता येत नाही. मागं फिरणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. तसं कधी होत मात्र नसे, कारण पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस आमच्याकडं अजून जन्माला यायचा होता.

पंच आमच्या गावच्या पारावर बसले. सासरकडून थोरला आला, त्याच्या मागं नवरा. बायकांच्या बाजूला बहीण बसली. शिवाय आमचे चाचा होते, हिंगोलीचे मुसलमान, बकऱ्यांचे जुने व्यापारी. दोन्ही घरांचा माल त्यांच्याकडं जायचा, म्हणून दोघांनीही त्यांना बोलावलं होतं. मी उभा राहिलो. सासरचे सगळे गुन्हे आवाज चढवून सांगितले आणि शेवटी वकिलानं शिकवलेली मागणी टाकली. थोरल्या भावापासून वेगळं निघायचं, वेगळी चूल मांडायची, तर माझी बहीण नांदंल.

थोरल्यानं तंबाखू मळायची थांबवली आणि म्हणाला, "कबूल."

मला वाटलं तो गंमत करतो आहे. मी म्हणालो, "आरं, इचार तरी कर."

"इचार कशाला? पाव्हणं बोलले ते बराबर बोलले. आजच घेऊन जातो भावजयीला."

चाचा माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "लग गया तेरा भाव."

वेगळं बिऱ्हाड म्हणजे थोरल्याच्याच आवारात कुडाची एक भिंत घालायची, एवढंच त्याच्या मनात असणार हे मला दिसत होतं. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता, सगळ्या पंचांनी ऐकला होता, आणि पंचांतले निम्मे माझे गिऱ्हाईक होते. म्हातारे पंच समाधानानं माना डोलवत होते. भांडण मिटलं, सूर्य मावळायच्या आत बाई सासरी जाईल, म्हणून उठायलाही लागले होते. मी बहिणीकडं बघण्याचं टाळलं.

तीच उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पंचांना विचारलं, "मी बोलले तर चालंल का?"

पंच म्हणाले, बोल बाई.

"दादानं मागितलं, थोरल्या भावजींनी कबूल केलं. वेगळं निघायचं. आता वेगळं कुठं, ते कुणी बोललंच न्हाई. तर मी सांगते. ह्यांनी दादाच्या मेंढरांच्या वाड्यापाशी पाल टाकावं. मेंढरांची कातरण होईस्तवर मी ह्यांना जाकडावर ठेवते. नांदणं जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर ह्याच पारावर ह्यांनी काडी मोडायची."

जाकड म्हणजे माल घरी नेऊन वापरून बघायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर परत. आम्ही मेंढे असे नेतो. नवरा असा नेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आधी बायका हसल्या, मग पंच. चाचांनी तर मांडीवर थाप मारली. थोरला लाल झाला आणि असलं काही आपण कबूल केलं नाही म्हणू लागला, तेव्हा पंचांतला सगळ्यांत म्हातारा म्हणाला, "तू वेगळं निघायला व्हय म्हणलास. किती लांब, ते इचारायचं तुझं काम होतं. आता काहून वरडून राहिला?"

नवऱ्याला विचारलं. त्यानं थोरल्याकडं बघितलं. थोरला तोंड फिरवून बसला होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तेव्हा तो व्हय म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मी वकिलाला जाब विचारायला हिंगोलीला गेलो. तो घरात नव्हता. मी अंगणात थांबलो, तर माझ्या मेंढ्याशेजारी दुसरा मेंढा बांधलेला. डाव्या कानाला वर एक चीर आणि खाली एक गोल खाच. प्रत्येक कळपाची कानाची खूण वेगळी असते, आणि ही खूण मी बहिणीच्या लग्नात तिच्या सासरकडून आलेल्या मेंढरांवर बघितली होती. दोघे एकाच गव्हाणीत तोंड घालून हिरवा चारा खात होते. त्यांच्यात काही भांडण दिसलं नाही.

वकील आला तेव्हा मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोललो. त्यानं शेरवानीची बटणं सोडली, चहा मागवला आणि सांगितलं की तुला दिलेला सल्ला बरोबर होता आणि त्यांना दिलेलाही. तू वर मागायचं, त्यांनी हो म्हणायचं. कायद्यानं यात काही चूक नाही. मी चहा न पिता निघालो. आपला मेंढा सोडून घेत होतो, तर म्हणाला, "तो फीचा आहे." मग मी दावं पुन्हा बांधलं. दिलेलं परत मागायचं नाही ही रीत माझीच होती.

इकडं जावई आमच्या वाड्यावर येऊन राहिला. वाडा म्हणजे शेतात काट्यांचं कुंपण घालून मेंढरं बसवतो ती जागा. आता खरं सांगायचं तर तसा मेंढपाळ मी पुन्हा बघितला नाही. कोणती मेंढी रात्री विणार हे तो संध्याकाळी सांगायचा. लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन चालायचा. त्या हंगामात माझी कोकरं जगली तेवढी कधीच जगली नव्हती. मी त्याला शिव्या दिल्या तरी तो "व्हय दादा" म्हणायचा, शाबासकी दिली तरी "व्हय दादा". हा गडी आपल्याकडंच राहावा असं मला वाटायला लागलं. मी त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा वाढायला सांगू लागलो. बहीण वाढायची, आणि माझ्याकडं बघून हसायची.

कातरण तोंडावर आली तेव्हा औंढ्याची जत्रा होती. संध्याकाळी चुलीपाशी बहीण नवऱ्याला म्हणाली, "उद्या आपण दोघं औंढ्याला जाऊ. मला जत्रा बघायची हाय."

तो म्हणाला, "दादाला इचारतो."

मी तिथंच बसलो होतो. मी घाईनं म्हणालो, "जा की, मी कुठं न्हाई म्हणतो." पण उशीर झाला होता. बहिणीनं तव्यावरची भाकरी उलटली. रागावली नाही. त्याला नीट, समजुतीनं म्हणाली, "तिकडं भावाला इचारत होता, हिकडं दादाला इचारता. माझा दोष न्हाई आन् तुमचाबी न्हाई. पण मला असं न्हाई जमायचं. कातरण झाली की काडी मोडा."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. मग म्हणाला, "तुझं मन तसं असंल तर मोडतो."

"बघ दादा," बहीण मला म्हणाली, "पयल्यांदा माझं ऐकलं."

तिघंही हसलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोही हसला.

पारावर काडी मोडली तेव्हा थोरला आला नाही. नवऱ्यानं काडी मोडली, तुकडे टाकले, पंचांच्या पाया पडला आणि जाताना माझ्या एका आजारी मेंढीला काय पाजायचं ते सांगून गेला. बहिणीनं पाट लावला नाही. तिनं माझ्याकडून तिच्या वाट्याची मेंढरं मागून घेतली, त्यांची लोकर स्वतः विकायला लागली. वसमतच्या बाजारात ती भाव करते तेव्हा मी लांब उभा राहतो, कारण ती मला तिथं बोलू देत नाही.

मला मात्र दुहेरी चाट बसली. मेंढा गेला आणि मेंढपाळही. बहीण मोकळी झाली ती वकिलाच्या सल्ल्यानं नव्हे, त्याचा सल्ला तिनं उलटा करून वापरला म्हणून. एकदा मी चिडून म्हणालो की त्या वकिलानं तुझा सौदा दोन्हीकडं केला आणि तुला एक शब्द विचारला नाही. तर ती म्हणाली, "तू तरी कुठं इचारलंस?"

मी मेंढरांचा व्यापारी. मेंढराला विचारून कुणी सौदा करत नाही, तेवढंच मला शिकवलेलं. वकील शिकलेला होता. बाईच्या नांदण्याचा खटला हाती घेताना बाईला बोलवायचं, तिला काय हवं ते ऐकायचं, हे त्याचं काम होतं, माझं नव्हे.

आता निजामाचं राज्य गेलं. वकिलानं टोपी बदलली, पण बसतो त्याच ओसरीवर, आणि बायकांची प्रकरणं घेऊन अजून तिथं पुरुषच जातात. मेंढा त्यानं केव्हाच खाल्ला असेल, तो मला नको. त्यानं हिंगोलीच्या भर बाजारात यावं, चाचांच्या दुकानासमोर उभं राहावं, आणि माझ्या बहिणीला समोर बसवून सांगावं, की एका बाईच्या जन्माची दोन्हीकडून फी घेतली, तर तिला एकदाही ओसरीवर का बोलावलं नाही. उत्तर दिल्याशिवाय मी त्याला तिथून हलू देणार नाही.