घड्याळवाला की राखवाली?

दुकानात बसलं की धूळ आणि किस्से दोन्ही आपोआप जमतात. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्से झटकायला घेतले की नेमकं कुणीतरी आत येतं आणि आणखी दोन ठेवून जातं!

माझं दुकान लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या रांगेत. एका बाजूला मिरची, दुसऱ्या बाजूला हळद आणि मध्ये मी, जुने-नवे व्हिडिओ गेम विकणारा. दुरुस्तीला आलेला कंट्रोलर उघडला की आधी शिंक येते, मग बिघाड सापडतो. शिक्षण दहावी, तेही ओढूनताणून. इंग्रजी शिकलो ते गेमच्या खोक्यांवरचं वाचून. त्यामुळे तलवारीचे अकरा प्रकार इंग्रजीत सांगतो, पण बँकेचा फॉर्म अजून पुतणीच भरते.

धंद्यात मी एकच नियम पाळला. गिऱ्हाइकाला जे कॅरेक्टर आवडतं, तेच सगळ्यात भारी! वाद घालायचा नाही, पिशवीत भरून द्यायचं. एवढा साधा नियम, पण माझ्या काउंटरला रोज संध्याकाळी दोन माणसं टेकलेली असतात, आणि ती तो पाळू देत नाहीत.

एक विनू. हा एक्स-रे काढतो. दुसरा संतोष, लिफ्ट दुरुस्त करतो. दोघं चाळिशीला आलेले, परळच्या एका चाळीत भिंतीला भिंत लावून राहणारे, शाळेतही एकाच बाकावरचे. टीव्हीवर मी जो गेम लावून ठेवतो, त्यातल्या कॅरेक्टरांची ताकद ते तपासतात. खेळत नाहीत. विकत घेण्याचं तर नावच नको. नुसतं तपासतात!

*

एकदा एक गिऱ्हाईक हातोडेवाल्या राक्षसाचा गेम हातात घेऊन उभं होतं. पैसे खिशातून निम्मे बाहेर आलेले. तेवढ्यात संतोषने विचारलं, "हातोडा किती किलोचा?"

मी म्हटलं, "खोक्यावर लिहिलंय, दोनशे."

"उचलतो म्हणा. ताकद असेल. पण उभा कशावर आहे? लाकडी पुलावर! दोनशेचा हातोडा, दीडशेचा तो स्वतः, वरून आपटणार म्हणजे झटक्याचा लोड वेगळा. हा पूल पास कुणी केला?"

गिऱ्हाइकाने खोक्यावरचं चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खोकं हळूच ठेवून दिलं. "राहू दे शेट. रिस्की वाटतंय."

रिस्की! गेममधला पूल!

*

विनूची तऱ्हा वेगळी. त्याला माणूस दिसतच नाही, आतली हाडं दिसतात. एका गेममध्ये एक बाई सहा मजली बुरुजावरून उडी मारते आणि एका गुडघ्यावर उतरते. सगळी दुनिया टाळ्या वाजवते. विनू म्हणाला, "वाटी गेली."

"अरे, तिला देवीचं वरदान आहे," मी म्हटलं.

"वरदान आहे मान्य. कॅल्शियम आहे का?"

त्या वेळी काउंटरशी एक काका नातवासाठी गेम बघत होते. त्यांनी लगेच पँट वर केली. "साहेब, माझा हा गुडघा जरा बघता का? जिना उतरताना कट् वाजतो."

त्यांच्या मागून हळदवाल्याचा हिशेबनीस आला, त्याच्यामागे त्याची बहीण. तासाभराने माझ्या दुकानात चार गुडघे उघडे होते आणि गेम एकही विकला गेला नव्हता.

*

या दोघांना गप्प करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. हिराबाई. शीव कोळीवाड्याच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसतात, आणि पाटी रिकामी झाली की पंख्याखाली दोन मिनिटं टेकायला माझ्याकडे येतात.

त्या दिवशी टीव्हीवर समुद्राचा राजा होता. हात वर केला की डोंगराएवढी लाट. विनू म्हणत होता, एवढ्या पाण्याने त्याचाच खांदा निखळेल. संतोष पाण्याचं वजन काढत होता. अर्धा तास! शेवटी हिराबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "कसला दर्याचा राजा ह्यो? मागं बघा की. चिखल उघडा पडलाय, होडी आडवी पडलीय. ओहोटी हाय. ओहोटीला लाट बोलावतोय! आमच्यातलं शेंबडं पोर पन नाय करायचं."

दोघांनी टीव्हीकडे पाहिलं. मागे खरंच होडी आडवी होती. दोघंही घरी गेले. त्या दिवशी मी हिराबाईंना चहा पाजला. वर बिस्किटं.

*

आता भांडणाकडे येतो. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

एका लढाईच्या गेममध्ये चाळीस कॅरेक्टर आहेत. त्यातला एक घड्याळवाला. तो चार सेकंद वेळ थांबवतो. दुसरी राखवाली. ती मेली की राख होते आणि राखेतून परत उठते. विनूचा घड्याळवाला, संतोषची राखवाली. प्रश्न असा की दोघं समोरासमोर आले तर जिंकणार कोण?

"वेळ थांबली म्हणजे तिचं उठणंही थांबलं," विनू म्हणाला.

"चार सेकंद! पाचव्याला उठली ना ती."

"चार सेकंदांत तो राख उचलून समुद्रात टाकेल."

"कुठल्या समुद्रात? इथून शिवडीला जायला टॅक्सीवाला आधी चार मिनिटं नाहीच म्हणतो!"

इथपर्यंत ठीक होतं. मग विनू म्हणाला, "तुला लहानपणापासून हरलेलं कळत नाही." संतोष म्हणाला, "आणि तुला जिंकलेलं बघवत नाही." मग शाळेतली कुठली तरी कॅरमची मॅच निघाली, मग कुणाच्या लग्नात कोण उशिरा आला ते निघालं. दोघं दोन दिशांनी गेले, आणि बोलणं बंद!

दुसऱ्या दिवशी मी हिराबाईंना मध्ये घातलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "शेट, राखेचा न्याय मला नाय जमत. मी पान्यातली."

*

बोलणं बंद झालं, पण दुकानात येणं बंद झालं असं समजू नका. माझं नशीब एवढं कुठलं? दोघं यायचे. त्याच वेळेला, त्याच काउंटरला.

"शेट, त्याला सांगा," विनू म्हणायचा, "एकदा वेळ थांबवली की परत थांबवायला बारा सेकंद वाट बघावी लागते हे मला माहीत आहे."

संतोषचं कोपर त्याच्यापासून वीतभर. मी म्हटलं, "ऐकलं त्याने."

"ऐकलं असेल. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. संतोष म्हणाला, "शेट, त्याला सांगा, माझ्याशी बोलू नको."

"अरे बाबा, तो बोलतच नाहीये तुझ्याशी!"

"तेच सांगा."

घरी यांच्या बायकांचं छान चाललेलं. इकडून सोलकढी, तिकडून घावणे. मध्ये लटकलेला मी!

*

मला वाटलं, गेमची कंपनीच हा तिढा सोडवेल. झालंही तसं. अपडेट आलं आणि घड्याळवाल्याचे चार सेकंद कापून तीन केले. विनू दाढी न करता दुकानात आला. टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. "तीन," एवढंच म्हणाला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही घेतला नाही.

थोड्या वेळाने संतोष आला. म्हटलं, आता हा नाचणार. कसचं काय! तो कंपनीवरच भडकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शेट, त्याला सांगा, तीन सेकंदांवर मी जिंकलो असं मी मानत नाही."

विनूची मान जरा वळली. मला वाटलं, जमलं!

"मी चार असतानाच जिंकलो होतो."

विनू दुकानाबाहेर.

*

या अबोल्याने खरी झोप उडाली ती अण्णांची. अण्णा आमच्या गल्लीच्या गोविंदा पथकाचे वस्ताद. विनू आणि संतोष पंधरा-सोळा वर्षं पथकाच्या बेसला, आतल्या रिंगणात शेजारी शेजारी. सगळे थर त्यांच्या खांद्यांवर. माझं वजन बघून मलाही अण्णांनी मागे उभं केलंय, टेकू म्हणून. सलग तीन सरावांत चौथा थर चढला की बेस हलायला लागायचा, कारण या दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर असायचे, पण ओल्या रंगावर ठेवावेत तसे!

शेवटी अण्णा दुकानात आले. "शेट, ती दोन पात्रं दाखव मला."

मी दाखवली.

"हा किती वेळ थांबवतो?"

"आता तीन सेकंद."

"मला चार मिनिटं उभा राहणारा लागतो. काढ त्याला. ही बाई काय करते?"

"पडली की उठते."

"मला मुळात न पडणारी माणसं हवीत! पुढे."

चाळीसच्या चाळीस कॅरेक्टर त्यांनी चष्मा लावून बघितली. पंखवाला नको, वरचे घाबरतील. आगवाला नको, शेजारी भाजेल. एकालाही बेसला घेतलं नाही. मग एका कोपऱ्यात बोट ठेवलं. "हा जाडा कोण? हा बरा आहे. मघापासून जागचा हलला नाही."

"अण्णा, तो लढत नाही. तो गेममधला दुकानदार आहे. औषधं विकतो."

"मग त्यालाच कॅप्टन करा!" अण्णा उठले आणि जाताना म्हणाले, "त्या दोघांना निरोप दे. रविवारी बेस हलला, तर दोघांनाही पथकातून काढतो. कायमचं."

निरोप मी दिला. वेगवेगळा, एकाच काउंटरवर. त्या दिवशी कुणी कुणाला काही सांगायलाही लावलं नाही. मला ते जास्त लागलं.

*

रविवारी सकाळी मैदानात सगळे जमले. सराव चालू असताना बेसमध्ये बोलायचं नाही हा अण्णांचा कायदा. खोकायचं तरी आधी परवानगी. विनू आणि संतोष आत, माना खाली. मी विनूच्या पाठीला छाती लावून. दुसरा थर चढला. तिसरा चढला. चौथा चढला आणि बेस हलायला लागला.

"खांदे आवळा!" बाहेरून अण्णा ओरडले.

हलतंय ते हलतंयच. वर पाचवा चढतोय. विनूची पोटरी थरथरताना मला कळत होती. मी मनात दोघांनाही पथकाबाहेर काढून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात आतून संतोषचा आवाज आला. "विन्या."

पाच आठवड्यांनंतरचा पहिला शब्द!

विनूने एक श्वास घेतला, मग दुसरा. "काय?"

"अण्णा गेममध्ये असते तर पॉवर काय?"

झालं, म्हटलं. वर पाच थर माणसं आणि यांनी तपासायला घेतलं!

"शिट्टी," विनू दात आवळून म्हणाला.

"रेंज?"

"करी रोड स्टेशन."

"वीकनेस?"

"मंगळवारचा उपास. दुपारनंतर अर्धी पॉवर."

संतोषच्या नाकातून फुर्र् असा आवाज आला. विनूची पाठ माझ्या छातीवर हादरायला लागली. हसू दाबण्यासाठी दोघांनी एकमेकांचे खांदे असे आवळले की मधून सुरी गेली नसती. सहावा थर चढला. वरच्याने उभं राहून हात वर केला. बेस जागचा हलला नाही.

"कोण बोलतंय रे खाली?" अण्णा गरजले.

"शेट!" दोघंही एकदम म्हणाले.