बाबांच्या पगारातली कपात

घरपट्टीचं बिल आलं की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझे बाबा मात्र चष्मा पुसून बसतात आणि ते पेपरासारखं वाचून काढतात. मालमत्ता कर, मलनिःसारण, वृक्ष कर आणि खाली राज्य सरकारचा शिक्षण कर. महापालिकेचं कुठलं आणि सरकारचं कुठलं, हे बोट ठेवून मला समजावतात. एकदा म्हणाले, "फाटकापाशी तो गुलमोहर हाय न्हवं, त्यात आपलाबी वाटा हाय बघ." मी म्हटलं, "मग एक फांदी आणा तोडून, कपडे वाळत घालायला होईल." ते हसले नाहीत. कराच्या बाबतीत बाबांना थट्टा चालत नाही.

बाबांचं नाव धोंडिबा. माणदेशातलं गाव सोडून ते ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रावर उभे राहिले, ते अगदी परवापर्यंत. पहिल्या पगारात व्यवसाय कर म्हणून काही रुपये कापलेले दिसले तेव्हा तेही इतरांसारखेच चिडले होते. कारखान्याच्या हिशेबनीसाने त्यांना सांगितलं, "अरे, दुष्काळातल्या लोकांना काम देता यावं म्हणून सरकारने हा कर आणला. रोजगार हमी चालते ती यावरच." बाबांचा राग तिथंच विरला. कारण माझी आजी वर्षानुवर्षं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या आठवड्याच्या पगारावरच बाबांसह चार भावंडं जगली. तो पैसा सरकारचा, एवढंच त्यांना तोवर माहीत होतं. मुंबई-ठाण्यातल्या कुणा पगारदाराच्या खिशातून तो आला असेल, हे ध्यानीमनी नव्हतं. त्या महिन्यात गावी गेल्यावर ते आजीला म्हणाले, "आये, आता मीबी भरतो." आजीला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण बाबा हे मला अजून पुन्हा पुन्हा सांगतात.

मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आता हा पैसा सरकारच्या मोठ्या तिजोरीत जातो, तिथून कुठे जातो ते कोण बघतंय, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "आपण भरायचं. पुढचं पुढं."

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने जुन्या माणसांना हिशेब देऊन मोकळं केलं. त्याच यंत्रांवर तीच माणसं सुदेश नावाच्या कंत्राटदाराच्या हाताखाली पुन्हा लागली. पगार घटला, कपात मात्र तशीच राहिली. एके दिवशी बाबांनी सुदेशच्या ऑफिसातल्या माणसाला सहज विचारलं, "कर कवा भरता हो तुम्ही?" तो हसला. "भरतो कोण काका? आपली नोंदणीच नाहीये."

बाबा थेट सुदेशकडे गेले. त्याने त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? तुमचे सगळे कापलेले पैसे आत्ता कॅश देतो. विषय खतम."

"मला नकोत. जिथं भरायचे तिथं भर. सगळ्यांचे भर."

"अरे काका, लोक टॅक्स वाचवायला धडपडतात आणि तुम्ही..."

"न्हाई भरलेस, तर मी तक्रार करतो."

दुसऱ्या दिवशी सुदेशने त्यांना गेटवरच थांबवलं. म्हणाला, "आजपासून येऊ नका." त्या वयात दुसरं काम कोण देणार होतं? घरी सगळं कळल्यावर मी खूप बोलले. "महिन्याच्या दोनशे रुपयांसाठी नोकरी घालवलीत! घराचा हप्ता माझ्या एकटीच्या पगारात कसा भागवू?" आईने मला दोनदा गप्प बस म्हटलं, पण माझं तोंड थांबेना. मला रागच तसा आला होता, आणि अजूनही वाटतं की तो अगदीच चुकीचा नव्हता. बाबा एकच म्हणाले, "वीस माणसं हायेत आत. ती बोलतील की."

आठवड्याने पंढरी आला. बाबांच्या शेजारच्या यंत्रावरचा, तरुण माणूस. हातात पेढ्यांचा बॉक्स. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला.

"काका, तुमच्यामुळे झालं! सुदेश घाबरला ना. दोन वर्षं कापलेले सगळे पैसे परत दिले आम्हाला. 'आता तक्रार नाही' एवढ्या एका सहीवर."

बाबांनी विचारलं, "समद्यांनी घेतले?"

"घेतले ना. कोण सोडणार?" मग बाबांचा चेहरा बघून तो चाचरला. "पोरीची फी राहिलेली काका."

बाबा त्याला रागावले नाहीत. त्याने पुढे केलेला पेढा घेतला, पोरीचं नाव विचारलं, जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत येऊन तसेच खुर्चीत बसले. ज्यांच्या भरवशावर ते भांडले, ती माणसं आनंदाने पैसे घेऊन वर आभार मानत होती. आता तक्रारीला दुसरी सही मिळणार नव्हती. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले तेव्हा मी ऑफिसला फोन करून रजा टाकली. आम्ही दोघं रिक्षाने गेलो. व्यवसाय कराच्या कार्यालयात खिडकीसमोर आमचा नंबर आला. अर्ज मीच तिथल्या बाकावर बसून लिहिला होता. आतल्या बाईंनी तो कागद घेत, मान खालीच ठेवून विचारलं, "आजोबा, तुमचे किती पैसे अडकलेत?"

बाबा म्हणाले, "माझे न्हाईत बाई. तुमचे अडकलेत."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग अर्जावर शिक्का मारायच्या आधी त्या तो पहिल्यापासून वाचायला लागल्या, आणि मी बाबांचा हात धरून उभी राहिले.