बिनसुईची दाढ

हसणार नसाल तरच सांगतो. नाही, आधी कबूल करा! त्या दिवशी माझी जी शोभा झाली, ती ऐकता ऐकता आमच्या घरी आलेले पाहुणे अजून दुसरा चहा मागतात.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी नुकताच कारकुनीतून निवृत्त झालो होतो, म्हणजे चिडायला दिवसभर मोकळा होतो. माझी नात मीनू पाच वर्षांची. तिची दाढ किडली. पोर ताटासमोर गाल धरून बसायची, घास तोंडात फिरवायची आणि रडायची. शेवटी मी घरात जाहीर केलं, "मी नेतो तिले. पक्का इलाज करूनच आणतो!"

आता आमच्या काळी दाताचा इलाज म्हणजे काय? एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं पाय. म्हणून शेजारच्या वामनरावांना सोबत घेतलं. माणूस जुना पहिलवान.

पिपरी मेघे गावातला दातांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई कालपरवाची पोर! तिनं मीनूच्या हातात आरसा दिला, एक इवलासा चमचा घेतला आणि दाढेतला मऊ पडलेला भाग हलक्या हातानं काढला. मग त्यात पांढरं सिमेंट भरून बोटानं दाबलं. मीनू आरशात स्वतःलाच वेडावून दाखवत होती. वामनराव पायाशी बाह्या सारून ताटकळत उभे.

"झालं. तासभर काही खायला देऊ नका, काका."

"झालं? सुई कुठाय?"

"लागत नाही."

"अन् मशीन?"

"तीही नाही. किडलेलं तेवढं काढलं. चांगला दात कशाला कोरायचा?"

माझं डोकंच फिरलं. सरकारी नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो होतो: जे काम मुकाट्यानं होतं, ते झालेलंच नसतं! सुई नाही, रडणं नाही, पहिलवान बेकार! याला काय इलाज म्हणायचं?

तरातरा बाहेर आलो. बाकांवर बाया लेकरं घेऊन बसलेल्या. म्हटलं, यांना तरी वाचवावं.

"काऊन बसल्या इथं? घरी जा! ही बाई सुईच लावत नाई!"

"खरंच नाई लावत, आबाजी?" एकीनं विचारलं.

"नाई ना! चमच्यानं कोरून राह्यली!"

"मंग पोरगी बम रडली असंन?"

"रडते कायची? हसून राह्यली होती, हसून!"

"बाप्पा! बाई, माह्या गुड्ड्याले पह्यले घ्या ना!"

अहो, ज्यांनी उठून घरी जायला हवं, त्या दाराशी रेटारेटी करू लागल्या! मी आणखी ओरडलो, तर रस्त्यावरच्या दोघी आत शिरल्या. इतका फुकटचा प्रचार मी निवडणुकीतही कुणाचा केला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आली. माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं, घाबरली.

"काका, ओरडताना तुमचं तोंड छान उघडतं. डावीकडची मागची दाढ पार पोखरलीय. दुखत नाही?"

दुखत होती हो! वर्षभर लवंगेवर भागवत होतो आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"या, बसा खुर्चीत. पण तुमची कीड फार खोल गेलीय. तुम्हाला सुई लागेल आणि मशीनही. तुम्हाला हवीच होती ना?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. पळणार कुठे? खुर्चीत बसलो. ट्रेमधली सुई दिसली आणि माझा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, तो... चमचा नाही का चालणार?"

"नाही, काका."

माझा एक पाय आपोआप खुर्चीखाली उतरला, दुसरा दाराकडे वळला. मीनूनं ते बरोबर पाहिलं.

"वामन आबाजी, पाय धरा!"

आणि धरले हो त्यांनी! किती दिवसांनी काम मिळाल्यासारखे, दोन्ही हातांनी, कचकचून! तक्रार तरी कुणाकडे करणार? पाय धरायचा माणूस मीच घरून नेला होता.