आमच्या धंद्यातला माणूस

भिंगवाल्या नानांच्या दुकानात चष्म्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला चहा मिळत नसे, खगोलशास्त्र मिळे. गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशीच त्यांचं अरुंद दुकान होतं. इतर चष्मेवाले भिंगं बाहेरून करून आणत. नाना स्वतः दगडावर घासत आणि घासता घासता बोलत.

विषय एकच. चारशे वर्षांपूर्वी इटलीत ज्यानं दुर्बीण आकाशाकडे वळवली, तो. नाव सगळ्यांना ठाऊक, पण नाना ते घेत नसत. म्हणत, "आमच्या धंद्यातला माणूस. स्वतःची भिंगं स्वतः घासायचा." चंद्रावर डोंगर आहेत, सूर्यावर डाग आहेत, गुरूभोवती चार चंद्र फिरतात, हे त्यानं कसं पाहिलं ते नाना असं सांगत, की तो कालच ठाकूरद्वारच्या नाक्यावर भेटला असावा. "दिसलं ते रोज कागदावर काढून ठेवलं त्यानं. बास, एवढंच केलं. पण तेवढंच कोणी करत नाही."

एका गोष्टीवर मात्र ते चिडत. पृथ्वी फिरते म्हटल्याबद्दल धर्मपीठानं त्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवून, ते खोटं असल्याचं वदवून घेतलं. कॉलेजातला एखादा पोरगा "म्हणजे शेवटी टरकलाच ना?" म्हणाला, की नाना दगड थांबवत. "तुला तसं कोर्टात उभं केलं असतं ना, तर तू सूर्याला मावशी म्हणाला असतास."

गोष्ट ते तिथेच संपवत. पुढे तो आंधळा झाला, हे मी नंतर कुठंतरी वाचलं. नानांना विचारलं तर म्हणाले, "चष्मेवाल्यानं दुकानात आंधळ्याची गोष्ट सांगू नये. धंदा बसतो." मी हसले आणि विसरून गेले.

त्याच वर्षी आईनं त्यांच्याकडून नवा चष्मा करून घेतला. तीन महिने ती जिना चाचपडत उतरत होती, पण बोलली नाही. शेवटी मीच चष्मा घेऊन दुकानात गेले. नानांनी तो भिंतीवरच्या उभ्या रेघेसमोर धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग मलाच म्हणाले, "बघ गं, ह्यातून रेघ सरळ दिसते की तुटकी? मला कळत नाही."

रेघ तुटकी होती, म्हणजे भिंगच चुकलं होतं. नानांना काचबिंदू झाला होता, आणि दोन वर्षं त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. जन्मभर काच घासलेल्या माणसाच्या दुखण्याचं नावही असं असावं, याची मला चीड आली.

ते आमच्या घरी आले. "वहिनी, चूक माझी आहे," म्हणाले.

आई म्हणाली, "अहो, मला वाटलं माझंच वय झालं."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, आता बोभाटा करू नका. गप्प बसा. हळूच दुकान बंद करा, कुणाला कळणार नाही."

"त्याला कोर्टानं खोटं बोलायला लावलं," नाना म्हणाले. "मला कोण लावतंय? तू?"

पुढचे दोन रविवार त्यांचा हात धरून मी गिरगावातल्या वाड्या पालथ्या घातल्या. त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात ते सांगत, "माझे डोळे गेलेत. चष्मा नीट नसेल तर बोला, दुसरीकडून करून देतो." आणि जो तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणे, "छे हो नाना, एकदम फर्स्ट क्लास." माणसांचा जीव होता त्यांच्यावर. नाना मात्र प्रत्येक जिना अधिकच खट्टू होऊन उतरत.

शेवटचं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि नानांच्या हातात दिला. "डाव्या डोळ्यानं अक्षर लागत नाही, नाना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

नानांनी त्यांना वाकून नमस्कार केला. जिन्यात आल्यावर थांबले, डोळे पुसले. "बरं वाटलं गं," म्हणाले.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. नाना गेले त्यालाही आता वर्ष होईल. लोक त्यांच्या खरेपणाचं कौतुक करतात, तेव्हा मी मान डोलावते. त्यांना गप्प बसा म्हणणारी मी होते, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.