घाटीच्या चार सह्या

मथुरा परब शिट्टी वाजवायला शिकली ती वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. त्याआधी तीस वर्षं ती गावच्या शाळेत शिपाई होती आणि तिच्या आवाजाला पोरं सोडाच, मास्तरसुद्धा वचकून असत. मिठबावला जाणाऱ्या रस्त्यालगत, वर सड्यावर, कातळाच्या माळावर, कॉलेजचं नवं उपकेंद्र उभं राहिलं आणि फाटकावर रहदारी सांभाळायला माणूस हवं झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मथुरेला विचारा, तिचं गाड्यासुद्धा ऐकतील. झालं. हिरवं जाकीट आलं, शिट्टी आली, लाल-हिरवी झेंडी आली. खालच्या वाडीत चार दिवस कौतुक झालं, मग लोक विसरले.

आता ते फाटक नेमकं वळणावर का काढलं, हे देवालाच ठाऊक. ज्याने काढलं तो या रस्त्याने एकदा जरी पायी गेला असता, तरी त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. एका बाजूला कॉलेजची चिऱ्याची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला खोल गटार, आणि मधून चिरे भरलेले डंपर, आंब्याचे टेम्पो, पोरांच्या दुचाक्या, प्राध्यापकांच्या मोटारी. चालणाऱ्या माणसाने पाऊल टाकायचं कुठे, ते नकाशात कुठेच नव्हतं. मथुरेला सूचना मात्र स्पष्ट होती. रांग वाढू द्यायची नाही. आधी गाड्या सोडायच्या, मग माणसं.

आणि चालणारी माणसं कोण? तर तिच्याच वाडीतल्या मुली. बारा-तेरा जणी होत्या. त्यांच्या घरांत त्यांच्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. देवगडला रोज जायला आईबापांनी कधीच पाठवलं नसतं, पण कॉलेजच उंबऱ्याशी आलं म्हटल्यावर नाही म्हणायला तोंड उरलं नाही. त्यांतली अनुजा म्हणजे सुदेशची थोरली. सुदेश हा मथुरेचा चुलत दीर. मथुरेला स्वतःचं मूलबाळ नाही, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. अनुजाला पहिलं अक्षर तिनेच गिरवायला शिकवलं होतं. पोर रोज सकाळी वळणावर दिसली की ती फाटकाच्या आत जाईपर्यंत मथुरेची नजर तिच्यावरून हलत नसे.

खरी गोष्ट अशी, की या मुलींना त्या वळणावर यायचं काहीएक कारण नव्हतं. वाडीतून वर सड्यावर जायला घाटी होती. चिऱ्याच्या पायऱ्यांची, दोन दगडी गडग्यांमधून चढणारी, सहा मिनिटांची वाट. आजे-पणजे त्याच वाटेने गुरं घेऊन गेले, नवऱ्या त्याच वाटेने उतरल्या, प्रेतंही त्याच वाटेने गेली. आज त्या घाटीच्या माथ्यावर कॉलेजची भिंत आहे. मुली खाली उतरून, डांबरी रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा घालून, त्या वळणावर येतात.

भिंत कुणी घातली? कॉलेजने. पण घालू दिली कुणी, हे मथुरेला रात्रंदिवस टोचायचं, कारण उत्तर तिला पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी मोजणीवाले आले होते. इथून येण्याजाण्याची वाट आहे का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे एक रीत आहे, बापजाद्यांपासूनची. वाट तोंडाने द्यायची. शेजाऱ्याने आपल्या खळ्यातून, दारच्या अंगणातून जावं, परक्याने जावं, कोणी हटकणार नाही. वर थांबवून पाणी देतील. पण सरकारी माणूस हातात कागद घेऊन वाट विचारायला आला, की वाट नाही म्हणायचं. कागदावर वाट आली की उद्या रस्ता येतो, रस्ता आला की माड जातात, कलमं जातात. ही भीती काही खोटी नव्हे, पलीकडच्या गावात तसं घडलं होतं. तेव्हा घाटी ज्यांच्या जमिनींतून जाते ती चार घरं मोजणीवाल्यांसमोर उभी राहिली: सुदेश, बाळा, म्हातारी अक्का आणि मथुरा. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि बोलली कोण, तर शाळेत राहून शहाणी झालेली मथुरा. “हयसून वाट नाय,” असं तिने ठणकावून सांगितलं. पायऱ्या तिच्या पाठीमागे दिसत होत्या. मोजणीवाल्याने लिहून घेतलं, चौघांनी सह्या-अंगठे केले आणि वाडी खूश झाली, की बरा फसवला.

फसला कोण, ते भिंत चढली तेव्हा कळलं.

जूनपासून मथुरा कॉलेजच्या कचेरीत खेपा घालत होती. तिथले अधिकारी पुष्कर साहेब तरुण, सरळ माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, फाईल काढली आणि तिचीच सही तिच्यासमोर ठेवली. मथुरेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी साहेब म्हणाले, चुकलं ते चुकलं. चारही जमीनमालकांनी लिहून द्यावं, की ही पायवाट पूर्वापार आहे आणि विद्यार्थ्यांना जाऊ देऊ. तेवढा कागद आणा, मी भिंतीत चालणाऱ्यांसाठी छोटं दार पाडून देतो. अर्ज तर त्यांनी तिथल्या तिथे टाईप करून दिला. एवढा बरा साहेब कुणाला मिळतो, सांगा.

मथुरेने पहिली सही स्वतःची केली आणि कागद घेऊन निघाली. बाळाने चहा पाजला, सुकटाची वाटी बांधून दिली आणि म्हणाला, वाट वापरा की, कोण नको म्हणतंय, पण सही कित्याक? अक्काने तर तिचा हात हातात घेऊन शपथ घातली, की माझ्या खळ्यातून पोरींना कोणी अडवलं तर मी त्याचे पाय मोडीन. अंगठा मात्र पदराखाली लपवला. मथुरेला हसावं की रडावं कळेना. ती त्यांना काय बोलणार? त्यांचे शब्द तिचेच होते, तीन वर्षांपूर्वीचे.

सुदेशकडे ती तीनदा गेली. तिसऱ्या वेळी चिडून म्हणाली, “भावजी, तुमची पोर जाता त्या वळणार. माजी नाय.”

सुदेश जमिनीकडे बघत राहिला. “वैनी, पोर आज ना उद्या लगीन होऊन जातली. जमीन खंय जातली?” मग त्यालाच ते ऐकवलं नसावं. दिवाळीनंतर बघू, असं तो पुटपुटला आणि गुरं बांधायला उठला.

दिवाळीपर्यंत थांबावं लागलं नाही. सप्टेंबरातला सोमवार, पावणेदहाची वेळ. फाटकातून मोटारी बाहेर पडत होत्या, चढावर चिऱ्यांचा डंपर दम खात होता, मागून हॉर्नचा नुसता कल्ला. अनुजा आणि आणखी दोघी रस्ता ओलांडायला पुढे सरल्या. मथुरेने शिट्टी फुंकली आणि हात आडवा धरला. थांबा. आधी गाड्या. अनुजा थांबली. लहानपणापासून त्या हातासमोर थांबायची तिला सवयच होती. थांबली, एक पाऊल मागे आली, गटाराच्या कडेला. डंपर वळला आणि त्याचं मागचं अंग कडेला घसरत आलं. बाकीच्या दोघी उडी मारून सुटल्या.

पोर जगली, एवढंच. ओरोसला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मग तिथून पुढे गोव्याला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गाडीवाल्याचा दोष, वळणाचा दोष, पोलिसांनी काय काय लिहून घेतलं. मथुरेला कोणी शब्दाने दुखावलं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघायची. त्या हाताने तिने आधी सही केली आणि मग पोरीला थांबवलं. जेवण समोर यायचं, तिच्याने घास उचलवत नसे.

आठव्या दिवशी ती गोव्याला गेली. सुदेश दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता, दाढी वाढलेली. तिने काही म्हणायच्या आत त्याने कागद मागायला हात पुढे केला.

“हाड तो कागद. खंय सही करूची, सांग.”

कागद तिच्या पिशवीतच होता. सुदेशने सही केली, मग तोंड फिरवून भिंतीला टेकला आणि हमसून हमसून रडला. मथुरा शेजारी बसून राहिली. आत जाऊन पोरीला तोंड दाखवायचं धैर्य तिला होईना, शेवटी पोरीच्या शेजारच्या खाटेवरची बाई बाहेर आली आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. अनुजा तिला बघून कसनुसं हसली आणि म्हणाली, “काकी, तू थांब म्हणालीस म्हणून मी थांबलंय.” तक्रार नव्हती त्यात. मथुरेला ते जास्त लागलं.

वाडीत परतल्यावर न मागता बाळाने सही केली. अक्काने शाईचा डबा स्वतःच मागवला आणि अंगठा इतका दाबला की कागद फाटायचा राहिला. चार सह्या पुऱ्या झाल्या. जूनपासून जे जमलं नव्हतं, ते दोन दिवसांत झालं.

मंगळवारी मथुरा हिरवं जाकीट काढून, धुतलेलं लुगडं नेसून कचेरीत गेली. पुष्कर साहेबांनी कागद दोनदा वाचला. अनुजाची चौकशी केली, मनापासून केली. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मथुराबाई, भिंतीत दार पाडायचं म्हणजे मला वर लिहावं लागेल. ते पहिलं विचारतील ते एकच. “त्या बाजूने चालत येणाऱ्या मुली किती आहेत?”

रोज सकाळी फाटकावर उभी असणारी तीच, आकडा तिच्याइतका कुणाला ठाऊक? अपघातानंतर वाडीतल्या आईबापांनी एकेक करून मुली घरी बसवल्या होत्या. एकीचं लग्न ठरलं होतं, दोघींना वेंगुर्ल्याला नातेवाइकांकडे ठेवून काजूच्या कारखान्यात लावलं होतं. खोटं बोलावं असं तिच्या जिभेवर आलं. पण मोजणीवाल्यासमोर एकदा बोललेलं खोटं अजून तिच्या नरड्यात अडकलेलं होतं.

“आता कुणीच येत नाही, साहेब,” मथुरा म्हणाली.