सर्वांत वरचं नाव

मी लिहावं असं माझ्याजवळ फार काही नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि माझं शुद्धलेखन अजून कच्चं आहे. आगाऊपणा वाटला तर माफ करा. याआधी मी आपल्या मनाने एकच गोष्ट लिहिली होती, एक अर्ज. त्याबद्दलच सांगायचं आहे.

बारावीनंतर मी तलासरीजवळ हायवेलगतच्या प्लास्टिकच्या कारखान्यात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागलो. लावलं मामाने. तो तिथे नऊ वर्षं मशीनवर होता. पाच वाजता सगळ्यांची कार्डं पंच करून घ्यायचे आणि मग सुपरवायझर म्हणायचा, "चला, थोडा माल राहिलाय." तो थोडा माल सातपर्यंत चालायचा. कार्डाच्या हिशेबाने आम्ही तेव्हा घरी असायचो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली मावशी म्हणाली, "पुढे कॉलेजात जाणार म्हणतोस, आणि एक अर्ज लिहिता येत नाही? का नुसते केस वाढवायला जाणार?"

सगळे हसले. मी लिहिला. जादा तासांची नोंद व्हावी आणि त्यांचा पगार मिळावा, एवढंच.

खाली नावं लिहायची होती. आमच्या पाड्यावर लग्नपत्रिका असो की देवळाच्या वर्गणीची यादी, मोठ्या माणसाचं नाव आधी. खाली घातलं तर माणूस दुखावतो. मी मामाचं नाव सर्वांत वर लिहिलं, माझं शेवटी. मामाला वाचता येत नाही.

"माझं कुठलं?" त्याने विचारलं. मी बोट ठेवलं.

"पहिलंच? भाचा शिकला म्हणायचा!" असं म्हणून त्याने शाई पसरू न देता, जपून अंगठा उठवला.

मॅनेजरने कागद वाचला आणि पहिल्या नावाभोवती पेनाने गोल केला. "म्हणजे हा तुमचा लीडर."

"साहेब, लिहिलंय मी. तो फक्त वयाने मोठा आहे."

"वयाने मोठा म्हणून वर? इथे काय लग्न आहे?"

दुसऱ्या दिवशी मामाला गेटवरच अडवलं. मी आत जाऊन मॅनेजरकडे कंत्राट सोडत असल्याचं लिहून दिलं. दोन महिने बाकी होते. "मी जातो साहेब, मामाला ठेवा," असंही म्हणालो. ते म्हणाले, "बघू." त्या एका शब्दावर मी विसंबलो.

जूनमध्ये डहाणूला कॉलेज सुरू झालं. सायवनच्या घरून एसटीने ये-जा, मामाच्या गावी जाणं होत नव्हतं. मामीला फोन केला की ती म्हणायची, "कामावर गेलेत." मला वाटलं, परत घेतलं असेल. कुठल्या कामावर, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायला धजलो नाही.

परीक्षा संपली त्या आठवड्यात तलासरीच्या स्टँडवर मावशी भेटली. खुशीत होती. "आता कार्ड सातलाच पंच होतं. तुझ्या अर्जाने झालं बघ!"

मी विचारलं, "मामा कुठल्या पाळीत आहे?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुला नाही सांगितलं अजून? पोराची परीक्षा होऊ दे, म्हणाला होता. त्याला आत घेतलंच नाही रे. माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने बाकीच्या कारखान्यांतही त्याचं नाव सांगून ठेवलं, याला घेऊ नका म्हणून. नारळी पौर्णिमेनंतर गेला तो गुजरातला, मासेमारीच्या बोटीवर. आता मेपर्यंत येत नाही."